लेबल सॉफ्टवेअरचे मेनू : आमसुलापासून आंबापेटीपर्यंत, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल लागला की माझा फोन गप्प बसत नाही. पेट्या भरून तयार, टेम्पो दारात उभा, माल सकाळपर्यंत वाशीला पोचायला हवा, आणि नेमकं तेव्हाच लेबल अर्धं एका स्टिकरवर नि अर्धं दुसऱ्यावर उतरतं. मी सिंधुदुर्गात काजू कारखान्यांना, बचत गटांना आणि घरच्या घरी आमसूल, आगळ, आंबापोळी करणाऱ्यांना लेबल प्रिंटर बसवून देते. बसवायला एक तास लागतो, नंतरचे फोन वर्षभर चालतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

सॉफ्टवेअर बारटेंडर असो, नाइसलेबल असो, झेब्रा डिझायनर असो किंवा प्रिंटरच्या खोक्यातून आलेलं एखादं, मेनूतली नावं थोडी इकडची तिकडे होतात. कामं तीच असतात.

मेनूत एवढं काय काय आहे! सुरुवात कुठून करू?

सगळा मेनू पाठ करायची गरज नाही. आपण जे बदलतोय ते तीनपैकी कुठल्या खात्यातलं आहे, एवढं आधी ठरवा.

पहिलं खातं लेबलच्या डिझाईनचं. फाईल, एडिट, क्रिएट (काही ठिकाणी इन्सर्ट) आणि अरेंज हे मेनू त्याचे. इथे केलेला बदल फाईलमध्ये कायम राहतो. दुसरं खातं आजच्या छपाईचं : प्रिंट म्हटल्यावर उघडणारी चौकट, त्यात किती प्रती, कुठल्या नोंदी, कुठला प्रिंटर. तिसरं खातं मशीनचं : प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये कागदाचा आकार, काळेपणा, वेग, सेन्सर.

मला येणाऱ्या तक्रारींतल्या बहुतेक ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ जातीच्या असतात. छपाई फिकी येते म्हणून एका काजूवाल्यांनी लेबलवरचं प्रत्येक अक्षर निवडून बोल्ड केलं. मग बारीक अक्षरांची पोटं भरली आणि ‘घटक पदार्थ’ वाचता येईना. बिघाड मशीनच्या खात्यातला होता, दुरुस्ती डिझाईनच्या खात्यात चालली होती. डार्कनेस दोन घरं वाढवला, काम झालं. अक्षरं परत बारीक करायला मात्र पाऊण तास गेला.

काही कमांड राखाडी दिसतात, क्लिकच होत नाहीत. सॉफ्टवेअर बिघडलंय का?

बिघडलेलं नाही, ते तुमची वाट बघतंय. राखाडी कमांड म्हणजे ‘हे काम करायला लागणारी गोष्ट अजून माझ्यासमोर नाही.’ काहीच निवडलेलं नसेल तर कट आणि कॉपी राखाडी. काही कॉपी केलेलं नसेल तर पेस्ट राखाडी. अरेंज मेनूतलं अलाइन वापरायला साधारणपणे दोन वस्तू निवडाव्या लागतात, आणि सारख्या अंतरावर मांडणाऱ्या डिस्ट्रिब्यूटला तीन. शिफ्ट दाबून धरा आणि एकेका वस्तूवर क्लिक करा, मग मेनू उघडून बघा.

सगळं निवडूनही राखाडीच राहिलं तर दोन शक्यता. वस्तूला लॉक लावलेलं असेल, म्हणजे उजवं क्लिक करून ते काढायचं. किंवा ती सोय तुमच्या आवृत्तीत नसेल. मोफत आवृत्त्यांमध्ये एक्सेल किंवा डेटाबेस जोडायची कमांड बऱ्याचदा नुसती दाखवायला ठेवलेली असते, दुकानाच्या काचेतल्या साडीसारखी.

कमांडच्या नावापुढची तीन टिंबं, छोटा त्रिकोण, बरोबरची खूण : यांचा अर्थ काय?

तीन टिंबं असतील तर क्लिक केल्याबरोबर काही होणार नाही, आधी चौकट उघडून काहीतरी विचारलं जाईल. म्हणून ‘प्रिंट…’ बिनधास्त दाबा. टिंबं नसलेलं नुसतं ‘प्रिंट’ किंवा टूलबारवरचं प्रिंटरचं चित्र मात्र कित्येकदा थेट छापायला लागतं. त्रिकोण म्हणजे आत पोटमेनू. बरोबरची खूण म्हणजे ती सोय सध्या चालू आहे. व्ह्यू मेनूत ग्रिड आणि रूलरवर ही खूण असू द्या, डोळ्यांच्या अंदाजाने लेबल जुळवणं सोडा.

तुम्ही फोनवर ‘रिबनवर जा’ म्हणालात. प्रिंटर उघडला, आता काय करू?

चूक माझी. नव्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या मेनूच्या जागी वर चित्रांची रुंद पट्टी असते, तिलाही रिबन म्हणतात आणि प्रिंटरमधल्या शाईच्या फितीलाही रिबनच. हा गोंधळ इतक्यांदा झालाय की आता मी ‘वरची पट्टी’ आणि ‘शाईची फीत’ असंच बोलते. या पानावरही तसंच वाचा.

‘ताई, लेबल सरळ येना नाय, काय करूचा?’

वर्षातला सगळ्यात मोठा प्रश्न हाच, म्हणून जरा तपशिलात सांगते.

आधी मोजपट्टी घ्या आणि रोल मोजा. रोलच्या पाकिटावर लिहिलेल्या आकारावर विसंबू नका. एका लेबलची आडवी रुंदी, प्रिंटरमधून कागद बाहेर येतो त्या दिशेने उंची, आणि दोन लेबलांमधली फट, असे तीन आकडे कागदावर लिहा. फट साधारण दोन ते तीन मिलिमीटर असते. ५० बाय २५ चं लेबल २५ बाय ५० म्हणून भरणारे निम्मे लोक आहेत. रुंदी म्हणजे नेहमी प्रिंटरच्या तोंडाची आडवी दिशा, मग लेबलवरची अक्षरं कशीही फिरलेली असोत.

आता हेच आकडे दोन ठिकाणी भरायचे आहेत. एकदा फाईल मेनूतल्या पेज सेटअपमध्ये आणि एकदा प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमधल्या स्टॉक किंवा पेज सेटअपमध्ये. काही सॉफ्टवेअर पहिल्यावरून दुसरं आपोआप भरतात, काही भरत नाहीत, आणि भांडण नेमकं तिथे सुरू होतं. सॉफ्टवेअर म्हणतं पंचवीस, प्रिंटर म्हणतो शंभर, मग एक छापून तीन कोरी सोडतो.

रोलवर दोन लेबलं शेजारी शेजारी असतील तर पेज सेटअपमध्ये कॉलम दोन करा आणि मधलं अंतर भरा. एकाच मोठ्या लेबलवर तोच मजकूर दोनदा चिकटवून काम भागवू नका. त्यात अनुक्रमांक कधीच नीट येत नाही.

मग कॅलिब्रेट. ही कमांड टूल्समध्ये किंवा प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये सापडते, बऱ्याच प्रिंटरना ती बटण दाबून धरूनही देता येते. प्रिंटर दोन-चार लेबलं पुढे सरकवतो आणि आपल्या सेन्सरने फट कुठे आहे ते शिकून घेतो. रोल बदलला, लेबलचा आकार बदलला की कॅलिब्रेट करायचंच. त्याआधी मीडियाचा प्रकार बघा : फट असलेला, मागे काळी खूण असलेला की सलग. फटीच्या रोलला ‘सलग’ लावलेलं असेल तर प्रिंटर फट बघायची तसदीच घेत नाही.

एवढं करूनही सरकत असेल तर कसं सरकतंय ते बघा. प्रत्येक लेबलला तेवढंच सरकत सरकत दहाव्या लेबलला बाहेर पडत असेल तर उंचीचा आकडा चुकलाय किंवा मीडियाचा प्रकार. सगळी लेबलं सारखीच दोन मिलिमीटर खाली असतील तर ऑफसेट (छपाई कुठून सुरू करायची तो आकडा) बदला, तोही मशीनच्या खात्यात. डिझाईनमधला मजकूर उचलून वर नेऊ नका, उद्या प्रिंटर बदलला की तो पुन्हा हलेल. आणि मनाला येईल तसं, कधी वर कधी खाली होत असेल तर मेनू बंद करा आणि प्रिंटर उघडा. रबरी रोलरवर धूळ नि गोंद बसलेला असतो.

छपाई पुसट येते. डार्कनेस शेवटपर्यंत वाढवला तरी तेच.

मग परत कमी करा, हेड (उष्णतेने छापणारा भाग) विनाकारण तापवू नका. आधी वेग कमी करून बघा. डार्कनेस आणि वेग ही जोडी आहे, कागद सावकाश गेला तर उष्णता लागायला वेळ मिळतो.

तरी पुसटच असेल तर फीत आणि लेबल यांचं जमत नाहीये. वॅक्सची फीत कागदी लेबलाला, रेझिनची प्लास्टिकच्या लेबलाला, वॅक्स-रेझिन मधली. आगळाच्या बाटलीला ओले हात लागतात, लोणच्याच्या बरणीला तेल, तिथे कागद आणि वॅक्स टिकत नाही. फीत उलटी बसली असेल तर काहीच उमटत नाही. एका कोऱ्या लेबलचा चिकट भाग फितीला दाबून उचला, ज्या बाजूची शाई येते ती बाजू लेबलकडे हवी.

शाईची फीत न लागणारा कागदही असतो, त्याला डायरेक्ट थर्मल म्हणतात. नखाने ओरखडा काढला की काळी रेघ उठते, ती त्याची ओळख. तो उन्हात आणि गरम जागी फिका पडतो. वजनकाट्याच्या पावतीला ठीक. सहा महिने दुकानाच्या फळीवर राहणाऱ्या पाकिटाला नको.

मराठी अक्षरांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं छापली जातात. पडद्यावर तर बरोबर दिसतं.

प्रिंटरच्या पोटात त्याचे स्वतःचे फॉन्ट असतात, त्यांत सहसा देवनागरी नसते. फॉन्टच्या यादीत काही नावांपुढे प्रिंटरचं छोटं चित्र दिसेल, ते टाळा. मंगल, निर्मला यूआय, कोकिला, अपराजिता यांच्यासारखा विंडोजमधला फॉन्ट घ्या. मग सॉफ्टवेअर अक्षरांचं चित्र करून प्रिंटरला पाठवतं आणि प्रिंटरला मराठी येण्याची गरज उरत नाही.

अक्षरं दिसतात पण जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्या अक्षराला जाऊन बसते, मध्येच टिंबांचं वर्तुळ उगवतं, असं असेल तर ते सॉफ्टवेअर जुनं आहे, त्याला देवनागरीची जुळणी येत नाही. अशा वेळी मी नावाचं चित्र दुसरीकडे करून घेते आणि क्रिएट मेनूतल्या पिक्चरने आणते. चित्र शुद्ध काळं-पांढरं हवं. करडा रंग थर्मल प्रिंटर ठिपक्या-ठिपक्यांनी दाखवतो, आणि तुमचा सुबक माड देवी आल्यासारखा दिसतो.

जुन्या डीटीपीच्या दुकानातून आणलेला मजकूर पेस्ट केल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, तो प्रकार वेगळा. ते जुन्या पद्धतीचे फॉन्ट, युनिकोड नव्हेत. कन्व्हर्टरमधून काढा किंवा सरळ पुन्हा टाइप करा. चार ओळींच्या लेबलाला टाइप करणंच लवकर होतं.

एक माझा हट्ट. बऱ्याच फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे असतात. ‘मालवणी मसाला’ यात दोन ‘ल’ येतात, आपल्या वळणाचे नसले की लेबल परगावचं वाटतं. मराठी वळणाचा फॉन्ट शोधायला पाच मिनिटं द्या. आणि २०३ डीपीआयच्या (एका इंचात २०३ ठिपके मारणाऱ्या) प्रिंटरवर आठ पॉइंटच्या खाली मराठी नेऊ नका. ‘सेंद्रिय’मधला अनुस्वार आणि मात्रा एकमेकांत मिसळतात.

₹ चं चिन्ह येत नाही.

हे चिन्ह २०१० साली आलं, त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नाहीच. फॉन्ट बदला. घाई असेल तर ‘रु.’ लिहा.

बारकोड छापला, दुकानातलं मशीन वाचत नाही.

दहातल्या आठ वेळा कारण हे, की कुणीतरी बारकोडचा कोपरा माउसने धरून आत ढकललेला असतो. लेबल लहान, बारकोड मोठा, मग दाबून बसवला. बारकोड एसटीतल्या प्रवाशासारखा सरकून घेत नाही.

हिशेब सांगते, एकदा कळला की कायमचा कळतो. किराणा दुकानांत चालणाऱ्या ईएएन-१३ बारकोडची सगळ्यात बारीक रेघ प्रमाण आकारात ०.३३ मिलिमीटरची असते, आणि आकार ८० टक्क्यांपेक्षा खाली न्यायचा नसतो. २०३ डीपीआयचा प्रिंटर एका मिलिमीटरमध्ये आठ ठिपके मारतो, म्हणजे एक ठिपका ०.१२५ चा. अर्धा ठिपका त्याला मारता येत नाही. दोन ठिपक्यांची रेघ केली तर ०.२५, म्हणजे प्रमाण आकाराच्या ७६ टक्के, नियमाखाली गेली. तीन ठिपक्यांची केली तर ०.३७५. डावी-उजवीकडची कोरी जागा धरून या बारकोडची रुंदी अशा ११३ रेघांएवढी असते. तीन ठिपक्यांनी ती ४२ मिलिमीटरच्या थोडी वर जाते. ५० च्या लेबलवर आरामात बसेल, ३८ च्या लेबलवर बसणारच नाही. ३०० डीपीआयच्या प्रिंटरवर चार ठिपक्यांनी तोच बारकोड ३८ च्या किंचित वर येतो.

म्हणून माउस नको. बारकोडवर डबल क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये रेघेची जाडी ठिपक्यांत निवडायची सोय असते, तिथून बदला. उंची थोडी कमी केलीत तर चालून जातं, रुंदीशी खेळू नका. डावी-उजवीकडची कोरी जागाही बारकोडचाच भाग आहे, तिथे ‘शुद्ध शाकाहारी’ लिहायचं नाही.

आकडे बारा टाइप करायचे, तेरावा पडताळणीचा आकडा सॉफ्टवेअर स्वतः काढतं. सुरुवातीचे ८९० म्हणजे क्रमांक जीएस१ इंडियाकडून, म्हणजे बारकोडचे क्रमांक देणाऱ्या संस्थेकडून घेतलेला. तो स्वतःच्या मनाने बनवायचा नसतो. फक्त आपल्या गोदामातली पोती मोजायची असतील तर कोड १२८ घ्या, त्यात अक्षरंही चालतात आणि कुणाची परवानगी लागत नाही.

बारीक गोल बाटली असेल तर अरेंज मेनूतून बारकोड ९० अंशांत फिरवा, रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या दिसल्या पाहिजेत. उभ्या रेघा बाटलीच्या गोलाईवरून मागे वळतात आणि स्कॅनरला सगळ्या एकदम दिसत नाहीत.

एक्सेलची यादी जोडली, पण फूड लायसन्सचा नंबर भलताच छापला जातो.

तो नंबर १४ आकड्यांचा. एक्सेलला वाटतं ही कसलीतरी अवाढव्य रक्कम आहे आणि ते त्याला आखडून मध्ये ‘ई’ घालून दाखवतं. तो स्तंभ आधी टेक्स्ट करा, मग नंबर टाइप करा. नंतर टेक्स्ट करून भागत नाही, पुन्हा टाइप करावं लागतं. शून्याने सुरू होणारे बॅच नंबरही असेच शून्य गमावतात.

बाकी यादी साधी ठेवा. पहिल्या ओळीत फक्त स्तंभांची नावं. वर ‘श्री’ नको, कारखान्याचं नाव मोठ्या अक्षरांत नको, जोडलेले रकाने तर मुळीच नकोत. काजूवाल्यांसाठी माझी यादी अशी असते : ग्रेड, निव्वळ वजन, कमाल किंमत, प्रतिग्रॅम किंमत, बॅच. ग्रेडच्या स्तंभात डब्ल्यू १८०, डब्ल्यू २१०, डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२०. तो आकडा एका पौंडात साधारण किती अख्खे गर बसतात ते सांगतो, म्हणून आकडा लहान तेवढा गर मोठा. एकच डिझाईन, चार ग्रेड. चार फायली करून ठेवल्यात तर पत्ता बदलल्यावर तीनच दुरुस्त होतात.

प्रतिग्रॅम किंमत, म्हणजे युनिट सेल प्राइस, एक किलोच्या आतल्या पाकिटावर लागते. ती एक्सेललाच काढू द्या. २५० ग्रॅमचं पाकीट ३०० रुपयांना, तर ग्रॅमला १.२० रुपये.

यादी बदलल्यावर सेव्ह करा, एक्सेल बंद करा, मग लेबल सॉफ्टवेअरमध्ये रिफ्रेश. आणि यादी पेनड्राइव्हवर ठेवू नका. भाचा पेनड्राइव्ह घेऊन चिपळूणला गेला की डेटाबेस सापडत नाही म्हणून संध्याकाळी मलाच फोन येतो.

कॉपीज आणि सिरीयल नंबर यात नेमका काय फरक?

हा फरक मी रोल वाया घालवून शिकले. पहिल्याच वर्षी फणसपोळीच्या पाकिटांना एक ते दोनशे असे क्रमांक हवे होते. मी प्रिंटच्या चौकटीत कॉपीज दोनशे भरले. एक नंबरचीच दोनशे लेबलं आली, आणि त्यातली साठ चिकटवून झाल्यावर समोरच्या काकूंनी विचारलं, ‘सगळीच पयली काय गो?’

कॉपीज म्हणजे त्याच लेबलच्या हुबेहूब प्रती. क्रमांक पुढे सरकायला हवा असेल तर आधी त्या मजकुराच्या प्रॉपर्टीजमध्ये सिरीयलायझेशन चालू करायचं, किती अंतराने वाढायचं ते भरायचं, आणि मग प्रिंटच्या चौकटीत सिरीयलाइज्ड लेबल्स किंवा क्वांटिटी असं जे लिहिलेलं असेल तिथे दोनशे. कॉपीज एक. बाहेरच्या खोक्यावर तोच क्रमांक हवा असेल तरच कॉपीज दोन. छापण्याआधी प्रिंट प्रिव्ह्यू उघडून दुसरं लेबल बघा. पहिलं नेहमीच बरोबर असतं.

पॅकिंगची आणि मुदतीची तारीख रोज बदलायला विसरतो.

मग टाइप करूच नका. तारखेच्या प्रॉपर्टीजमध्ये संगणकाच्या घड्याळावरून तारीख घ्यायची सोय असते, आणि मुदतीसाठी त्यात ऑफसेट : अधिक सहा महिने, अधिक बारा महिने, तुमच्या मालाला जी मुदत ठरली असेल ती. नमुना दिवस-महिना-वर्ष असाच निवडा. अमेरिकी मांडणीत ५ एप्रिलचं ४ मे होतं आणि बारा तारखेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही.

फक्त घड्याळावर नजर ठेवा. जुन्या संगणकाच्या आतलं बटण सेल संपलं की वीज जाऊन आल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. एका ठिकाणी कुळथाच्या पिठाची पाकिटं जन्मायच्या आधीच मुदत संपलेली निघाली. सकाळचं पहिलं लेबल हातात घेऊन वाचायचं, मग पुढची.

हिरवा ठिपका मेनूतून हिरवा केला, तरी काळाच येतो!

काळी फीत घातली आहे, तर हिरवं कुठून येणार? पडद्यावरचा रंग डिझाईनच्या खात्यातला, छापून येणारा रंग शाईच्या फितीचा. शाकाहाराचं चिन्ह म्हणजे हिरव्या चौकटीत हिरवा भरीव गोल, चौकटीची बाजू गोलाच्या व्यासाच्या दुप्पट. काळा गोल म्हणजे ते चिन्ह नव्हे. सुक्या मासळीच्या पाकिटावर मांसाहाराचं तपकिरी चिन्ह, आणि २०२० च्या लेबलिंग नियमांपासून त्यात गोलाऐवजी त्रिकोण आहे. सोडे, जवळा विकणाऱ्या बऱ्याच जणांकडे अजून जुना गोल फिरतोय.

उपाय असा, की चिन्ह, लोगो, पत्ता, घटक असं न बदलणारं सगळं रंगीत छापून घेतलेला रोल प्रेसमधून आणायचा आणि आपल्या प्रिंटरवर फक्त बॅच, तारीख, किंमत उमटवायची. छापील लेबलचा फोटो काढून सॉफ्टवेअरमध्ये मागे ठेवा आणि त्या चित्राला ‘छापू नका’ ही खूण करा. मोकळ्या चौकटीत मजकूर नेमका बसवता येतो.

सगळं लेबल मराठीतच केलं तर चालेल?

मराठी हवीच, पण एकटी नाही. नियमानुसार लागणारी माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावी लागते, मराठी तिच्या जोडीला. मी नाव मोठं मराठीत घेते, बाकी तपशील इंग्रजीत. काजू आणि मासळी दोन्ही ॲलर्जीच्या यादीत आहेत, तेवढी ओळ विसरू नका.

किंमत वाढली. जुन्या छापील पाकिटावर नवं लेबल चिकटवू?

नाही. वाढवायला स्टिकर चालत नाही. कमी करायला चालतो, पण जुनी किंमत झाकायची नाही.

मुलाने उघडून काहीतरी हलवलं, आता मूळ लेबल सापडत नाही.

फाईल अजून उघडीच असेल तर एडिट मेनूतलं अनडू, म्हणजे कंट्रोल आणि झेड, दाबत राहा. बंद केली असेल तर गेलं. पुढच्या वेळी डिझाईन पक्कं झालं की सेव्ह ॲजने दुसरी प्रत करा, नावात तारीख घाला, आणि न बदलणाऱ्या वस्तूंना लॉक लावा. मूळ फाईल मला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा म्हणते मी सगळ्यांना. आजवर चौघांनी पाठवली आहे.

मुंबईच्या गिऱ्हाइकाला नमुना दाखवायचा तर पडद्याचा फोटो नको. फाईल मेनूतल्या एक्स्पोर्टने पीडीएफ काढा.

पावसाळ्यात लेबलं सुटतात, कडा उचलतात. मेनूत काही आहे का?

मेनूत नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवाच ओली. उघडा रोल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवा, तांदूळ ठेवतो तसा. बरणी फडक्याने कोरडी करून मगच लेबल लावा.

वीज गेली, आली, आणि प्रिंटर कालचीच लेबलं छापत सुटला.

वीज गेली तेव्हा जे काम रांगेत होतं ते विंडोजने जपून ठेवलेलं असतं. प्रिंटरचं बटण बंद-चालू करून ते जात नाही, उलट तुम्ही तीनदा प्रिंट म्हटलं असेल तर तिन्ही वेळचं येतं. आधी प्रिंटरचं झाकण उघडा, तो थांबेल. मग विंडोजच्या प्रिंटर यादीतून रांग उघडा आणि सगळी कामं कॅन्सल करा. पॉज नव्हे. पॉज केलेलं काम तुम्ही विसरता, प्रिंटर विसरत नाही. झाकण लावा, फीडचं बटण एकदा दाबा, एक कोरं लेबल नीट फटीवर थांबतंय का बघा.

मग पडद्याकडे न बघता टेबलाकडे बघा. शेवटच्या पाकिटावर प्रत्यक्ष चिकटवलेला क्रमांक कुठला? ११७ असेल तर सिरीयलच्या चौकटीत ११८ हाताने भरा. सॉफ्टवेअर कदाचित २०१ दाखवत असेल, कारण त्याच्या हिशेबी दोनशे पाठवून झाली. त्यातली त्र्याऐंशी विजेबरोबर गेली हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.